कुणाचीच नाही

परवानगी एका दिवसाची होती. मार्चचा पहिला बुधवार, सकाळी सहा ते दुपारी चार. ट्रॅक्टर न्यायचा नाही, जनावरं चालतील. चार वाजता जमीन खात्याचा निरीक्षक येऊन मोजणार. चौदा दुनमांपैकी, म्हणजे साधारण साडेतीन एकरांपैकी, निम्म्याहून जास्त जमिनीला नांगर किंवा कुदळ लागलेली दिसली, तर फव्वाजची जमीन फव्वाजची राहील. नाही दिसली तर सरकारजमा. कायद्याने तीन वर्षं पडीक राहिलेली जमीन जाते, आणि हे तिसरं वर्ष होतं. आधीची दोन वर्षं, आमची रानं आत घेऊन टेकडीवर बसलेल्या वसाहतीच्या कुंपणाचं फाटक उघडलंच नव्हतं. फाटक लष्कराचं, कुलूप लष्कराचं, आणि जमीन पडीक ठेवल्याचा ठपका आमच्यावर.

सहाला पाच कमी असताना फाटकाशी आम्ही चौतीस माणसं, दोन खेचरं आणि एक गाढव उभे होतो. आमच्या अख्ख्या देर जल्लून गावात अंथरुणाला खिळलेले सोडले तर घरी राहिलेली माणसं थोडीच.

याला आमच्याकडे औना म्हणतात. एकट्याच्या हाताने उरकणार नाही असं काम निघालं की सगळ्या गावाने हात लावायचा. नियम एकच. ज्याला गरज आहे त्याने हाक द्यायची नाही, दुसऱ्याने त्याच्यासाठी द्यायची. फव्वाजसाठी हाक दिली अबू दिर्घामने. आदल्या संध्याकाळी मशिदीच्या कर्ण्यावरून सत्तर वर्षांचा तो म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "उद्या अबू राकानच्या रानात औना! जो येणार नाही त्याच्या मयताला मी येणार नाही!"

अबू राकान, राकानचा बाप, म्हणजे फव्वाज. सत्तावन्न वर्षांचा पाथरवट, डावखुरा, कमी बोलणारा. अकरा वर्षं तो पहाटे चार वाजता घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळी पांढऱ्या धुळीने माखून परत यायचा. दूर समुद्राकाठी याफा शहरात मोठमोठ्या इमारतींवर काम करतो, असं तो सांगायचा. गावातली निम्मी माणसं तशीच जातात. कुणी कधी जास्त विचारलं नाही.

शिपायाने घड्याळ बघून फाटक ढकललं आणि सगळे पळत सुटले.

"अरे, नवरीकडचं वऱ्हाड आहे का? हळू!" हज्जा सुब्हिया मागून ओरडत होती आणि स्वतःच सगळ्यांच्या पुढे निघाली होती. चार मुलं वाढवलेली ही विधवा गावातली सर्वांत लांब जीभ, हे ती स्वतःच सांगते.

रान म्हणजे टेकडीच्या उतारावरचे नऊ टप्पे. प्रत्येक टप्प्याला पुढून दगडांची ताल, चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड. जैतुनाची त्र्याऐंशी झाडं, मधूनमधून फुललेले बदाम. दोन पावसाळ्यांत कुणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे ताली जागोजागी फुटल्या होत्या. माती खाली ओघळलेली, दगड पसरलेले. दगड पसरलेला टप्पा निरीक्षक 'खडकाळ' म्हणून लिहितो आणि मोजणीतून वगळतो. म्हणून आधी दगड वेचायचे, ताल उभी करायची, मग नांगर.

टेकडीच्या माथ्यावर, शेवटच्या टप्प्यापासून चाळीस पावलांवर, नोफ ओफेर वसाहतीच्या घरांची पहिली रांग. तांबडी कौलं, घडीव दगडाच्या भिंती. त्या रांगेच्या कडेला एक झरा आहे. एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत तो आणि त्या घरांच्या जागी असलेलं वालाचं रान अबू दिर्घामचं होतं.

वाटणी आपोआप झाली. फव्वाज तालीवर. बायका आणि पोरं दगड वेचून त्याच्या हाताशी. कुदळवाले झाडांच्या बुंध्याभोवती. अबू दिर्घाम नांगरावर, त्याचं खेचर पुढे. खेचराचं नाव वजीर.

"वजीर का?" कुणी नवखं विचारलं की म्हातारा सांगतो, "नुसतं खातं, मान हलवतं, आणि ओढायची वेळ आली की दुसऱ्याकडे बघतं."

त्या दिवशी मात्र वजीरने लाज राखली. सव्वासातला पहिला टप्पा पुरा. माती काळी, ओलसर, फाळामागे चमकत उलटत होती. टप्पा पुरा झाला की बायका किलकाऱ्या मारायच्या, आणि वरच्या घरांच्या खिडक्यांमध्ये माणसं दिसायची.

"बघा, बघा!" सुब्हिया त्यांना हात करून म्हणाली. "फुकटचा सिनेमा!"

साडेनऊला दोन. अकराला तीन. आम्हाला किमान पाच हवे होते, आणि चौथ्यात पाण्याने घळ पाडली होती. फव्वाज एकटा तिथे भिडला. त्याच्या हातात दगड आला की तो एकदाच फिरवायचा, बसवायचा, पुन्हा उचलायचा नाही. अधूनमधून टाकी-हातोडा काढून दगडाचं तोंड ठोकायचा. कडेने दोन बोटं रुंद सपाट पट्टी, मधे तिरपे टवके.

"ए अबू राकान," सुब्हियाने दगड देता देता हटकलं, "शेताच्या तालीला नक्षी कोण करतं? जैतून काय आरशात बघणार आहेत?"

तो दचकला. आपल्या हाताकडे बघत राहिला. "सवय," एवढंच म्हणाला आणि टाकी खिशात घातली. पण तोवर तशी अकरा तोंडं तालीत बसून गेली होती. शेतात असला दगड लावण्याची चूक फक्त पाथरवटच करू जाणे.

सव्वा वाजता चौथा टप्पा अर्धा झाला होता, आणि वरून जीप आली. चारला येणारा निरीक्षक पावणेतीन तास आधीच हजर. नॅफ्ताली त्याचं नाव, चष्मेवाला, आमची भाषा अस्खलित बोलणारा. त्याच्यासोबत एल्याकीम, वसाहतीचा रखवालीप्रमुख. कमरेला पिस्तूल, पायात चपला, घरून घाईने निघालेला.

"काम थांबवा," नॅफ्ताली म्हणाला. "तक्रार आहे. वसाहतीच्या कोठारातले घडीव दगड चोरीला गेलेत."

एल्याकीमने तालीकडे बोट दाखवलं. "तेच ते. आणि ते बघा, माझ्या घराची भिंत. एकच दगड, एकच घडण. सकाळपासून खिडकीतून बघतोय."

आम्ही सगळ्यांनी आधी तालीकडे पाहिलं, मग वर भिंतीकडे. इतक्या लांबूनही कळत होतं. कडेने पट्टी, मधे तिरपे टवके.

"चोरीचा माल सापडला तर पंचनामा होणार," नॅफ्ताली म्हणाला. "पंचनामा होईपर्यंत जागा रिकामी करायची."

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"दोन दिवस. तीन."

"आणि परवानगी?"

"परवानगी आजची आहे."

गलका उसळला. तरणी पोरं पुढे सरसावली, शिपायांनी बंदुका खांद्यावरून हातात घेतल्या. अबू दिर्घाम नांगर सोडून मधे आला. "मागे व्हा सगळे! एक दगड जरी हातात घेतलात ना, तर आज यांना हवं तेच होईल!" मग निरीक्षकाला म्हणाला, "साहेब, हा दगड याच टेकडीचा आहे. वरच्या घरांचा दगडही याच टेकडीचा आहे. आता कोण चोर ते तुम्हीच ठरवा."

"मी दगड कुठून आला ते विचारत नाही," नॅफ्ताली म्हणाला. "घडवला कुणी ते विचारतोय."

फव्वाज तालीशी उभा होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्याच्या कपाळावरची धूळ घामाने ओली होऊन भुवयांत उतरत होती. त्याने आधी आपल्या रानाकडे पाहिलं, मग अबू दिर्घामकडे, मग बायकोकडे. उम्म राकानने नजर खाली केली. तिला माहीत होतं, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

"मी घडवला," तो म्हणाला. "आत्ता, इथे."

एल्याकीम हसला. "इथे! तासाभरात! असले दगड आमच्याकडे खास कारागिरांनी घडवले होते."

"एक अनघड दगड द्या कुणीतरी," फव्वाज म्हणाला.

कुणी हललं नाही. शेवटी सुब्हियाने एक उचलून त्याच्यापुढे आपटला. तो गुडघ्यांवर बसला. टाकी उजव्या हातात, हातोडा डाव्यात. नॅफ्तालीने घड्याळ पाहिलं.

टण्. टण्. टण्. पहिली कड सुटली. शिपायांसकट आम्ही सगळे वाकून बघत होतो. दगड चारदा फिरला, चारी कडांना पट्टी उमटली. मग मधला भाग. डावखुऱ्या माणसाचे टवके उलट्या बाजूने कलतात, आणि ते एकाखाली एक तसेच कलत गेले. सहा मिनिटांत दगड तयार. त्याने तो तालीतल्या दगडांच्या शेजारी ठेवला. फरक दाखवायला कुणाला सापडला नसता.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. "वल्लाह, काय हात आहे!"

अबू दिर्घामने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो वरच्या भिंतीकडे बघत होता.

"ठीक," नॅफ्ताली म्हणाला. "हे दगड तुमचे. पण ती भिंतही अशीच कशी?"

फव्वाजला इथे खोटं बोलता आलं असतं. असे शंभर पाथरवट आहेत, म्हणता आलं असतं. पण डावीकडे कललेले टवके वर उन्हात स्पष्ट दिसत होते, आणि निरीक्षकाच्या हातात कागद होता.

"ती मीच बांधली," तो म्हणाला. "ती रांग सगळी. सात घरं. दोन वर्षं. पुढच्या रांगा नंतर. अकरा वर्षं."

टाळ्या थांबल्या.

"याफा?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. फव्वाजने नुसती मान हलवली. नाही.

"मी या माणसाला ओळखत नाही," एल्याकीम म्हणाला. "कामगार खूप होते. प्रत्येकाचं तोंड कोण लक्षात ठेवतं? चोरी लपवायला काहीही सांगेल."

"ओळखत नाही?" फव्वाज उठून उभा राहिला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुझ्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीचा उंबरा मी दोनदा बदलला, कारण तुझ्या बायकोला तो रुंद हवा होता. कुंड्या ठेवायला. रोज दहा वाजता ती मला कॉफी आणून द्यायची. तुझ्या मुलीचा दात पडला तो तिने मला दाखवला होता."

प्रत्येक वाक्यागणिक तो चोरीतून सुटत होता आणि आमच्यातून उठत होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

"कुणाच्या डोक्यावर बसून तू कॉफी पितोस ते तुला चांगलं माहीत आहे," तो एल्याकीमला म्हणाला. "खाली वालाचं रान होतं. झरा होता. आणि आता माझ्यावर चोरीचा आळ घेतोस?"

एल्याकीमचा चेहरा लाल झाला. "माझ्यावर ढकलू नकोस! मी विचारलं होतं तुला! पहिल्याच आठवड्यात, झऱ्यापाशी उभं राहून विचारलं होतं, ही जमीन कुणाची? आठवतंय? काय म्हणालास? 'कुणाचीच नाही' म्हणालास! तू, या गावचा माणूस! मग आता दोष माझा कसा?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. नॅफ्तालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे तू याला ओळखतोस," तो एल्याकीमला म्हणाला.

एल्याकीम कमरेचा पट्टा सारखा करू लागला.

"एकोणीस वर्षांपूर्वी काय बोलणं झालं तेसुद्धा आठवतं तुला. आणि तोंड मात्र आठवत नाही." नॅफ्तालीने कागदाची घडी केली. "चोरीची तक्रार नोंदवत नाही. काम चालू ठेवा. मोजणी चारला." आणि जाता जाता, घड्याळाकडे बघत: "एक पन्नास झालेत."

जीप वर जाऊन थांबली. एल्याकीम तिच्याशेजारी उभा राहिला, घरी गेला नाही.

दोन तास दहा मिनिटं होती. साडेतीन टप्पे झाले होते, दीड बाकी होता. आणि एकही कुदळ हलत नव्हती.

अबू दिर्घाम फव्वाजच्या समोर जाऊन उभा राहिला. उंचीने म्हातारा त्याच्या खांद्याला लागत होता.

"खरं आहे? 'कुणाचीच नाही' म्हणालास?"

"म्हणालो."

"मी त्या वेळी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतो."

"माहीत होतं."

"मग का रे?"

"अबू दिर्घामची आहे म्हणालो असतो, तर तो म्हणाला असता, मग तू इथे काय करतोस? मला उत्तर नव्हतं."

"आता आहे?"

"नाही."

आमच्यातला एक तरुण कुदळ खांद्यावर टाकून फाटकाकडे निघाला. आणखी दोघे त्याच्यामागे. "ज्याने वरचं बांधलं तोच खालचं नांगरू दे," त्यातला एक म्हणाला. उम्म राकान जैतुनाच्या बुंध्याला टेकून बसली होती आणि ओढणीचं टोक तोंडात धरून होती. वर एल्याकीम हे सगळं बघत होता. त्याला आता काहीच करायची गरज नव्हती.

अबू दिर्घामने ते पाहिलं. त्याने वजीरचा लगाम धरला आणि चालायला लागला. आम्हाला वाटलं, हाही निघाला. पण तो फाटकाकडे वळला नाही, चौथ्या टप्प्याच्या अर्ध्यावर, जिथे फाळ मातीत रुतलेला होता, तिथे गेला.

"कुठे निघालात रे, शहाण्यांनो?" तो त्या तिघांवर ओरडला. "याच्यावर रागावलात? मीही रागावलोय! उद्यापासून याला सलाम करणार नाही, याच्या दारात पाऊल ठेवणार नाही. पण हे रान गेलं की कुंपण खाली कुठे येतं? तुझ्या बापाच्या अंजिरांपर्यंत! मग तिथे उभं राहून तू कुणाला शिव्या देणार? माणसाचा हिशेब माणसाशी. जमिनीने काय केलंय? फीर मागे! हाऽ वजीर!"

वजीर निघाला. तिघे क्षणभर घुटमळले, मग परत पळत आले.

त्यानंतरच्यासारखे दोन तास मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. सकाळी लग्नघर होतं, आता आगीचा बंब होता. कुणी गाणं म्हणत नव्हतं, विनोद नव्हता, नुसत्या आरोळ्या: "दगड!" "सरक!" "पाणी!" गाढव दमलं तर दोन पोरांनी नांगराचा दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. शाळेचे मास्तर, ज्यांना कुणी कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं, ते गुडघ्यांवर बसून हातांनी गोटे वेचत होते.

फव्वाज तालीवर एकटा. सकाळी त्याच्या हाताशी आठ जणी होत्या, आता एकही नाही. तो खाली उतरायचा, दगड छातीशी धरून वर आणायचा, बसवायचा, पुन्हा खाली. असं केलं तर पाचवी ताल सहा वाजेपर्यंतही उठली नसती. अडीच वाजले. पावणेतीन.

सुब्हियाने कंबरेवर हात ठेवून त्याच्या तीन खेपा पाहिल्या. मग तिने एक दगड उचलून त्याच्या पोटात जवळजवळ हाणलाच.

"धर! आणि नक्षी केलीस तर तुझ्याच डोक्यात घालीन, मेल्या!"

तिच्यामागे तिची सून आली, मग मास्तरांची बायको. रांग लागली. दगड हातोहात वर चढायला लागले. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, पण दगड थांबत नव्हते.

साडेतीनला ताल उभी. अबू दिर्घामने वजीरला पाचव्या टप्प्यावर घातलं. नांगराच्या सलग चार रेघा मारल्या, वळला, पुन्हा चार. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. चारला बारा मिनिटं असताना जीपचं दार उघडलं. चारला पाच असताना वजीर थांबला. शेवटचा तुकडा, पंधरा-वीस पावलांचा, कोरडाच राहिला होता. जे जे हाताशी होते त्यांनी कुदळी, फावडी, एकाने तर जैतुनाची मोडकी फांदी घेऊन त्यावर उडी घेतली. चौतीस माणसांनी ती जमीन मिनिटांत उकरून काढली.

"चार," नॅफ्ताली म्हणाला. "हात वर."

तो फीत घेऊन चालला. एक शिपाई दुसरं टोक धरून. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. चौथ्यात तो घळीपाशी थांबला, पायाने तालीचा दगड दाबून पाहिला, पुढे गेला. आम्ही श्वास धरून मागे मागे. पाचव्यात त्याने फांदीने उकरलेली माती बुटाच्या टोकाने उलटवली. खाली ओली होती. त्याने आकडे मांडले, पुन्हा मांडले.

"सात दुनम आणि अडीचशे चौरस मीटर," तो म्हणाला. "निम्म्याहून जास्त. लागवडीखाली."

जो आवाज उठला तो वरच्या शेवटच्या घरापर्यंत गेला असणार. पोरांनी वजीरला उचलायचा प्रयत्न केला. सुब्हिया रडत होती आणि रडताना सगळ्यांना शिव्या देत होती. एल्याकीम पाठ फिरवून घरी गेला.

फव्वाजला कुणी मिठी मारली नाही. तो पाचव्या तालीवर बसून राहिला, हात मांडीवर, बोटं सोललेली. वाचलं होतं ते रान मात्र त्याचंच होतं.

अबू दिर्घाम नांगराचा फाळ पुसत पुसत त्याच्यापाशी आला. सलाम केला नाही. शब्दाचा पक्का माणूस.

"उद्या सकाळी आठला नाब्लुस शहरात. माझ्या वकिलाकडे. आज बोललास ते सगळं तिथे बोलायचं. सही करायची."

"तुझा दावा केव्हाच निकाली निघालाय, अबू दिर्घाम."

"ते वकील बघेल. तू येणार की नाही?"

"सही केली तर राकानचा कामाचा पास जाईल. माझाही."

"जाईल."

फव्वाजने वर झऱ्याकडे पाहिलं. "येतो."

"तिथे वाल होते, सांगायचं. पाणी कसं फिरत होतं, पाट कुठून कुठे होता, सगळं."

"आठवतं मला. पाट मीच उखडला. दगडी पाट. सतरा दगड होते, एकेक काढून त्या घरांच्या पायात भरले."

"अठरा," अबू दिर्घाम म्हणाला. "एक झऱ्याच्या तोंडाशी होता, तो मोजायचा राहिला तुझा. उद्या चुकू नकोस."

आणि तो वजीरला घेऊन फाटकाकडे निघाला, कारण शिपाई कुलूप हातात धरून वाट बघत होता.